डोळे आखलेला हॉटडॉग

पेण, २ मे २०२५

चि. पुष्कर यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

गाडीवर ठेवायचं तुझं ध्यान आज टेम्पोत घालून पाठवलं. तीन फूट उंच, पावाच्या दुलईत उभ्या उभ्या गुंडाळलेलं, लालभडक. बत्तीस वर्षं गणपतीचे डोळे आखणाऱ्या बाईला भाच्याने काय सांगावं, तर सॉसेजला डोळे काढ! तुझ्या आजोबांनी जमिनी राखल्या, बाबांनी शाळा काढली आणि तू कंपनीतली केमिस्टची नोकरी सोडून हॉटडॉगची गाडी काढलीस. घराणं पुढे चाललं आहे.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू 'हो हो आत्या' म्हणतोस आणि पलीकडे कांदा चिरत असतोस. कागदाला उत्तर द्यावं लागतं. शेजारचा प्रणित पेणहून रोज तुमच्या रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, टपाल त्याच्याकडे.

तू पाठवलेल्या चित्रात त्या ध्यानाला वाटाण्यासारखे दोन डोळे होते. मला तसे येत नाहीत. मला एकाच प्रकारचे डोळे येतात, तेच आखले. आखणीच्या आधी मूर्तीच्या कानात ती जायची त्या घराचं नाव सांगायची आमच्या कारखान्याची रीत. याला कान नाहीत, तरी हाताच्या सवयीने मी वाकले आणि 'धाटाव नाका, पुष्करची गाडी' असं सांगून बसले. सगळे कारागीर हसले. मग मीही हसले.

एक मात्र लक्षात ठेव. आखलेला डोळा पाण्यात जायचा असतो. सासरे म्हणायचे, डोळे उघडून दिलेस की परत जायची तारीखही दे. पावसात टिकावा म्हणून तुझा पुतळा प्लास्टरचा केला आहे, पण म्हणून जन्मभर ठेवू नकोस. अनंत चतुर्दशीला नदीत सोड.

मालतीआत्या


रोहा, ११ मे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

गाडी लागली. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत 'हॉटडॉग' हा शब्द एकाही माणसाने उच्चारलेला नाही. शिफ्टवाले 'लांबडा' म्हणतात. कॉलेजच्या मुली 'एचडी' म्हणतात. खाडीकडून येणाऱ्या बायका 'कांडीपाव' म्हणतात. आमच्या आळीतले निवृत्त मुख्याध्यापक माधवराव रस्त्याच्या पलीकडून जाताना 'तो पदार्थ' म्हणतात आणि उपरण्याने नाक झाकतात.

मी मुंबईहून पिवळी मोहरीची चटणी आणली होती. एकाने वास घेऊन विचारलं, "लोणचं नासलंय काय ओ?" ती बाटली आता शोभेला आहे. धाटावची आवड म्हणजे सुकी लसणाची चटणी, बारीक कांदा, वरून शेव. खाडीकडच्या जनीमावशी घरून डबीत सुकटीची चटणी आणतात आणि स्वतःच्या हाताने वर पसरतात. मला हात लावू देत नाहीत.

गंमत सांगतो. ऑर्डर मला कोणी देत नाही. सगळे तुझ्या त्या डोळ्यांकडे बघून देतात. साईराज म्हणून एक ऑपरेटर आहे, तो परवा बघत राहिला आणि म्हणाला, "कांदा नको. दादा, मला कांदा कधी आवडलाच नाय. अकरा वर्षं बायको घालते म्हणून खातोय." सांगताना त्याचा आवाज बदलला होता. आज एकाने ऑर्डर देण्याआधी चपला काढल्या.

गर्दी मात्र बघण्यासारखी आहे.

तुझा पुष्कर


पेण, ३ जून

चि. पुष्कर,

तुला वाटेल म्हातारीला उन्हाळा बाधला. मी छपन्न वर्षांची आहे, म्हातारी नव्हे, आणि यंदा ऊनही बेताचंच आहे.

काल दुपारी तीनला मी एका मूर्तीचा डावा डोळा आखत होते. समोरची मूर्ती पुसट झाली आणि त्या जागी तुझी गाडी आली. स्वप्नासारखी नव्हे, खिडकीतून दिसावी तशी. आवाज नाही, वास नाही, नुसतं दिसणं. पिवळी बाटली तू उजव्या कोपऱ्यात ठेवली आहेस आणि तिच्या झाकणावर माशी बसली होती. तुझा शर्ट चौकड्यांचा, दुसरं बटण गायब. लग्न कर म्हणते ते उगाच नाही.

मग तुझे माधवराव आले. रस्त्याकडे पाठ करून पार्सल घेतलं. ओठांची हालचाल बघून मला मुलांची कॉपी पकडायची सवय आहे. चित्रकलेची असले तरी एकेकाळी शाळेत मास्तरीण होते. ते म्हणाले, 'मोत्यासाठी हवाय.' पुष्कर, त्यांचा मोत्या दोन वर्षांपूर्वी गेला. रिक्षा स्टँडच्या मागे उभं राहून चार घासांत त्यांनी तो संपवला आणि उपरण्याला हात पुसले.

हे खरं आहे का, एवढंच कळव. जवळचं मला जरा धूसर दिसू लागलं आहे.

आत्या


रोहा, ९ जून

ती. आत्या,

प्रणितचे कान पिळायला हवेत. त्याच्याशिवाय तुला एवढं कोण सांगणार? बटणसुद्धा! तो शपथ घेतो की त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. पण शिफ्टवाल्यांच्या शपथा मला माहीत आहेत.

माधवरावांचं कोणाला बोलू नकोस. रोज येतात. आता मोत्याचा भाऊही जेवतो.

डोळे दाखवून घे. चाळिशीनंतर नंबर बदलतो.

धंदा तुझ्या आशीर्वादाने जोरात. लोक आता तोंडही उघडत नाहीत. समोर उभे राहतात, त्या डोळ्यांत बघतात आणि मला कळतं कोणाला काय हवं. कसं कळतं ते विचारू नकोस, मी स्वतःलाही विचारत नाही. हात चालतात.

पुष्कर


पेण, २ जुलै

चि. पुष्कर,

हे पत्र ईरा लिहिते आहे. लेक बँकेतून दमून येते आणि मी तिला लेखनिक म्हणून बसवते, तेव्हा अक्षरातला राग तिचा आणि मजकुरातला माझा.

डोळ्यांचे दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला सगळं ठीक आहे, दुसरा म्हणाला सगळं फारच ठीक आहे. मला इथलं दिसत नाही. ईराचा चेहरा म्हणजे वाफ धरलेला आरसा. कारखान्यात मूर्ती रांगेने उभ्या आहेत, कोऱ्या बुबुळांच्या, आणि मी त्यांच्यासमोर कुंचला धरून बसते. मला दिसते ती तुझी गाडी. तू गाडी उघडलीस की दिसतं, बंद केलीस की काळोख. माझी सकाळ आता तुझ्या उठण्यावर आहे, आणि तू तर नऊच्या आधी उठत नाहीस.

मी काय केलं ते मला कळलं आहे. घराचं नाव सांगून डोळे उघडले, पण ते घर नव्हतं आणि तो देव नव्हता. आत यायला कोणी नव्हतं, म्हणून माझीच नजर गेली.

अनंत चतुर्दशीपर्यंत थांबू नकोस. आत्ता विसर्जन कर. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही मूर्ती डोळ्यांवाचून गेलेली नाही. हे डोळे गेले तर माझं दुसरं काही नाही, हे तुला माहीत आहे.

मालतीआत्या


रोहा, ८ जुलै

ती. आत्या,

काम झालं. काल सकाळी रीतसर आरती केली, वाटेसाठी दहीपोहे दिले आणि नदीत सोडला. भर पावसात अर्धं धाटाव आलं होतं. माझे डोळे भरून आले. आता तुला हळूहळू दिसू लागेल. धीर धर, लगेच होणार नाही.

पुष्कर


पेण, १० जुलै

पुष्कर,

नदीच्या तळाशी कांद्याची गोणी असते हे मला नव्यानेच कळलं.

खोटारड्या, तू त्याच्यावर गोणपाट टाकलं आहेस. गेले चार दिवस मी त्याची वीण बघते आहे. आडवे धागे मोजून झाले, उभे मोजते आहे. डाव्या बाजूला भोक आहे, त्यातून तुझं कोपर दिसतं. परवा तू त्या भोकासमोर बसून मला पत्र लिहिलंस. 'माझे डोळे भरून आले' लिहिताना तू जांभई दिलीस.

मालती


रोहा, १५ जुलै

आत्या,

पाया पडतो. खोटं बोललो.

धंद्यासाठी बोललो, हे खरं. पण गोणी टाकल्यावर जे झालं ते ऐक, मग शिव्या दे.

पहिल्या दिवशी साईराज आला. समोर उभा राहिला, गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोल." तो पाव तास तसाच उभा. मग हळूच विचारतो, "दादा, मी काय खातो?" मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, "कांद्याशिवाय, करपवून." तो म्हणाला, "आसंल." खाल्ला, पण चव लागत नसल्यासारखा. जनीमावशींनी सुकटीची डबी आणली, उघडली आणि म्हणाल्या, "ही कनाची रं?" कोणाची म्हणून काय विचारतात, स्वतःच वाटलेली! दुपारपर्यंत गाडीसमोर तीसेक माणसं नुसती उभी होती. कोणी भांडत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. धाटावात शिफ्ट सुटल्यावर एवढी शांतता मी कधी पाहिली नाही.

माधवराव तेवढे बोलले. म्हणाले, "पुष्कर, मी शाकाहारी आहे ना रे?" मला त्यांची चेष्टा करवली नाही.

पाच दिवस हे बघितलं आणि गोणी काढली. सगळे पूर्ववत झाले, हसू लागले, 'लांबडा दे' म्हणू लागले. आत्या, त्यांनी आपापली आवड त्या डोळ्यांत सांगितली, ती तिथेच राहिली आहे. एकदम काढून घेतली तर या माणसांचं काय होईल? मला भीती वाटते. तू पहिल्या पत्रात दिलेलीच तारीख धरू. तोवर मी रोज एकेकाला पाठमोरा उभा करून विचारतो, तुला काय आवडतं ते स्वतः सांग. येतंय हळूहळू. अनंत चतुर्दशीला नक्की सोडतो.

पुष्कर


पेण, ३० ऑगस्ट

चि. पुष्कर,

लेखनिक ईराच. तुझ्या जुलैच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. रागावलेली होते. मला काय, तू रोज दिसत होतास, खुशाली विचारायची गरज नव्हती.

आता मूळ मुद्दा. खाडीकडची ठमाबाई दर वर्षी माझ्याच हातचा गणपती नेते. यंदा मी सांगितलं, बाई गं, मला दिसत नाही, दुसऱ्याकडून आखून घे. ती म्हणाली, "दुसऱ्याचं डोलं आमचे घरान नाय चालनार. तुला दिसत नाय त काय झाला गो? हाताला म्हाईत हाय ना?" आणि माझा हात धरून तिने मूर्तीच्या कपाळावर ठेवला. मी अंगठ्याने कपाळ मोजलं आणि आखलं. कानात तिच्या घराचं नाव आपोआप गेलं. बाकी राहिलेल्या मूर्तींचे डोळे यंदा दुसऱ्याने काढले. ठमाबाई म्हणते ते सगळे गणपती दचकल्यासारखे दिसतात.

चतुर्थीला सकाळी उजव्या बाजूला तुझी गाडी आणि डाव्या बाजूला ठमाबाईचं घर! एकदा बाहेरची वाट सापडलेली नजर तिथेही गेली. तिच्या घरी प्लास्टिकच्या फुलांची कमान आहे आणि तिचा जावई आरतीच्या वेळी मोबाईल बघतो. दीड दिवस मी त्या घरात राहिले. मोदक बघून भूक लागायची. मग शिवाने, म्हणजे तिच्या मुलाने, मूर्ती डोक्यावर घेतली. खाडी आली. पाणी हनुवटीला लागलं, मग वर. शाडूची मूर्ती, तासाभरात विरघळली. आणि डावी बाजू गेली, पुष्कर. मी ईराला जवळ बसवून वाट बघितली. तिथली नजर विझली, पण ती माझ्याकडे परत आली नाही. ती जाते, ती जातेच.

तेव्हा माझी मागणी मी मागे घेते. तो पुतळा सोडू नकोस. कधीच नाही. मला दिसणारं जे काही उरलं आहे, ते त्याच्या दोन डोळ्यांतून. घरातली भिंत मला दिसत नाही, पण जनी हल्ली कांडीपाव मधोमध कापून निम्मा पदरात बांधून नेते ते दिसतं. मला ही माणसं आवडू लागली आहेत, हे कोणाला सांगू नकोस. शिवाय तुझा प्लास्टरचा. तो माझ्या हयातीत विरघळणार नाही. मी जन्मभर काय बघत बसेन, त्याचा विचार कर.

प्रणित गौरींसाठी गावी जाणार आहे, पत्र त्याच्याकडे देऊन ठेवते. रजा संपली की आणेल. फोनची घाई करत नाही. विसर्जनाचं वचन तू याआधीही दिलं होतंस आणि गोणी घातली होतीस. तुझ्या लोभावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मालतीआत्या


रोहा, ५ सप्टेंबर

ती. आत्या,

प्रणित रजेवर, म्हणून हे पोस्टात टाकतो. तुझ्या हाती पडेल तोवर काम झालेलं असेल.

उद्या सोडतो आहे. खरंच. या वेळी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बघ. तुला दिसेलच.

तुझं उत्तर आलं नाही दोन महिने. मी रोज गाडी उघडली की त्या डोळ्यांत बघून 'आत्या, आलो' म्हणायचो. ग्राहकांना वाटायचं प्रार्थना करतोय. काल हिंमत करून जरा जास्त वेळ बघितलं आणि वाटलं, माझी आत्या तिथे प्लास्टरमध्ये बसली आहे आणि मी तिच्यापुढे शेव भुरभुरतोय. रात्रभर झोपलो नाही.

माणसांची काळजी करू नकोस. जमलंय त्यांना. साईराज पाठमोरा उभा राहून म्हणाला, "कांदा नको," आणि वर, "बायकोला पण सांगितलं काल." जनीमावशी डबी स्वतः ओळखतात. एकटे माधवराव राहिले होते. आज पुढून आले, नाकावर उपरणं नाही, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "एक हॉटडॉग." आत्या, धाटावात तो शब्द उच्चारणारा पहिला माणूस!

उद्या दुपारी वाजतगाजत नेतो. तुला दिसू लागलं की आधी ईराचा चेहरा बघ. मग मला पत्र लिही, स्वतःच्या हाताने.

तुझा पुष्कर


पेण, ९ सप्टेंबर

चि. पुष्कर यास अनेक आशीर्वाद.

स्वतःच्या हाताने लिहिते आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर पेनाला दोष दे. ईराने कुठलं तरी जाहिरातीचं पेन दिलं आहे.

सगळं बघितलं. तू त्याला नवं उपरणं पांघरवलंस, ते माधवरावांचं होतं ना? साईराज पुढून उचलत होता आणि पाय घसरत होता त्याचा. तू त्याच्यासमोर एक हॉटडॉग ठेवलास, चटणी, कांदा, शेव, सगळं घालून, आणि मग सगळं काढून नुसता पाव ठेवलास. त्याला कसा आवडतो हे कोणी विचारलंच नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असावं. तू रडत होतास. या वेळी जांभई नव्हती. लहानपणी सायकलवरून पडलास तेव्हाही एवढा रडला नव्हतास.

त्या दुपारी ईराचे चौदा फोन आलेले दिसले असतील. ते मोदकाच्या सारणाबद्दल विचारायला होते. ढोल-ताशात तुला ऐकू आले नसतील. बरंच झालं, सारण बिघडलंच होतं.

तो पाण्याखाली गेला आणि मला इथलं लख्ख दिसू लागलं. अगदी तू म्हणालास तसं. आधी ईराचा चेहरा बघितला. छान आहे, जरा वाळली आहे. आता कारखान्यात जाईन म्हणते, पण एवढ्यात नाही. डोळ्यांना विश्रांती हवी. डॉक्टरही तेच म्हणाले, फारच ठीक आहे म्हणणारा.

नदी वरून वाटते त्यापेक्षा आत खूप हिरवी आहे. तळाशी बाटल्या फार. एक मासा आहे, तो सारखा समोर येऊन थांबतो. असेल, म्हणजे. नद्यांत असतात.

प्रणितकडे माझं एक जुनं पत्र राहिलं आहे, ३० ऑगस्टचं. त्याची रजा आजच संपते, उद्या गावाहून थेट पहिल्या शिफ्टलाच येऊन तुला भेटेल, म्हणून हे आजच्या एसटीने पाठवते आहे. ते उघडू नकोस. रागाच्या भरात तुला वाटेल ते बोलले आहे आणि आता त्याची लाज वाटते. बंद आहे तसंच परत पाठव. आत्याची आण आहे.

आणि गाडी बंद करू नकोस, माणसं ओळखीची झाली आहेत. दिवाळीत ईरा मला घेऊन येईल. एक हॉटडॉग कर. इतके दिवस इतक्यांचे बघितले, मला कसा आवडतो ते मात्र ठाऊक नाही. तुला वाटेल तसा कर. ताटलीत ठेवू नकोस, माझ्या हातात दे.

तुझी
मालतीआत्या